वाचनालयाची जुनी दप्तरं आणि मायक्रोफिल्म डिजिटल करायला घेताना: पहिल्यांदाच हात घालणाऱ्यांसाठी

आमच्या वाचनालयाच्या कपाटात बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता. त्यात २१ सीडी. वीसेक वर्षांपूर्वीच्या कार्यकारिणीने गावातल्या जुन्या साप्ताहिकाच्या फायली मोठ्या हौसेने स्कॅन करून घेतल्या होत्या, त्या या सीडी. मी कार्यकारिणीवर आले तेव्हा त्यांतल्या नऊ उघडल्याच नाहीत. ज्या उघडल्या त्यांत फक्त मथळे वाचता येत होते, मजकूर म्हणजे मुंग्यांची रांग. फायलींची नावं १, २, ३ अशी. कुठलं वर्ष, कुठला अंक, काही पत्ता नाही. आणि मूळ बांधीव फायली? ‘आता कॉम्प्युटरमध्ये आलंय सगळं’ म्हणून त्यातल्या काही रद्दीत गेल्या होत्या.

त्यानंतर तीन वर्षं आम्ही ते काम पुन्हा केलं. या वेळी उरलेल्या फायली, संस्थेची इतिवृत्तं, दोन रुमाल (कापडात बांधलेले गठ्ठे) मोडी कागद आणि साप्ताहिकाच्या मालकांच्या घरून देणगीत आलेली मायक्रोफिल्मची (पानं अगदी लहान करून टिपलेल्या फिल्मची) ११ रिळं. मी बँकेतून निवृत्त झालेली बाई, संगणकातली तज्ज्ञ नव्हे. पण जमा-खर्चाचा ताळा जुळेपर्यंत घरी जायचं नाही ही बँकेतली सवय या कामात स्कॅनरपेक्षा जास्त उपयोगी पडली. छोटं वाचनालय, शाळा, देवस्थान, सहकारी संस्था किंवा घरचं दप्तर घेऊन बसलेल्या कुणालाही हे लागू पडेल.

१. स्कॅनर राहू दे, आधी यादी करा

पहिला महिना मशीनला हात लावू नका. वही घ्या, किंवा एक्सेलची शीट उघडा, आणि कपाट रिकामं करत जे आहे ते लिहून काढा. प्रत्येक नगाला एक क्रमांक द्या आणि तो मऊ पेन्सिलीने, कोपऱ्यात, बारीक लिहा. पेन नको, स्टिकर नको, रबरी शिक्का तर नकोच.

रकाने एवढे पुरतात: नगाचा क्रमांक, शीर्षक, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, पानं किती, लिपी कोणती, कागदाची अवस्था, गहाळ काय, कुणाकडून आलं. अवस्थेसाठी आम्ही तीनच शेरे ठेवले: ‘उलटतं’, ‘जपून उलटतं’, ‘हात लावू नये’. तिसऱ्या शेऱ्याचं सामान जाणकाराला दाखवल्याशिवाय स्कॅनरपर्यंत न्यायचंच नाही.

पानं मोजताना छापील पानक्रमांकावर विश्वास ठेवू नका. आमच्या साप्ताहिकात वर्षभर पानं सलग मोजत, मग मध्येच संपादक बदलले आणि दर अंकाला पुन्हा १ पासून सुरुवात झाली. बांधणाऱ्याने तर एका खंडात नोव्हेंबरचे दोन अंक डिसेंबरनंतर शिवले होते. हाताने मोजलेला आकडाच शेवटी ताळ्याला येतो.

२. हेच आणखी कुणी केलंय का, ते पाहा

दुसऱ्याने चांगलं केलेलं काम पुन्हा करण्यात पैसा घालवू नये. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीचं ‘ग्रंथ संजीवनी’ आणि राष्ट्रीय अभिलेखागाराचं ‘अभिलेख पटल’ ही दोन संकेतस्थळं आधी चाळा. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय, पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ यांच्याकडे चौकशी करा. छापील पुस्तकांच्या प्रती ठरावीक ग्रंथालयांना देण्याचा कायदा १९५४चा आणि १९५६मध्ये त्यात वर्तमानपत्रंही आली. त्यामुळे त्यानंतरचं नियतकालिक कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात किंवा मुंबईच्या टाउन हॉलमधल्या ग्रंथालयात सापडू शकतं.

जे फक्त तुमच्याकडेच असण्याचा संभव आहे ते आधी घ्या. हस्तलिखित इतिवृत्तं, पत्रव्यवहार, दाखलपुस्तकं, गावापुरतं चाललेलं साप्ताहिक. लोकप्रिय कादंबऱ्या स्कॅन करत बसू नका. आमच्या एका सभासदाने ‘सुरुवात कथा-कादंबऱ्यांनी करू, लोकांना आवडेल’ असा आग्रह धरला होता. मी विरोध केला, दोन महिने ते माझ्याशी बोलत नव्हते.

३. कागदपत्रं हाताशी ठेवा

- कार्यकारिणीचा ठराव, त्यात काय स्कॅन करायचं आणि कुणाच्या जबाबदारीवर, हे नावानिशी
- देणगीत आलेल्या सामानाचं देणगीपत्र (घरच्यांचं साधं सहीचं पत्रही चालतं, पण ‘डिजिटल प्रत करण्यास व वाचकांना देण्यास हरकत नाही’ हे वाक्य त्यात हवंच)
- वाचनालयाबाहेर जाणाऱ्या प्रत्येक नगाची देव-घेव नोंद, दोन्ही बाजूंच्या सह्यांसह
- काम बाहेर दिलं तर लेखी करार

करारावर थोडं थांबते, कारण आमचे पहिले पैसे तिथेच बुडाले. बाहेरच्या एका कंत्राटदाराला ७०० पानांचं इतिवृत्त दिलं. दर पानामागे, करार तोंडी. परत आलं ते २०० डीपीआयचं (डीपीआय म्हणजे एका इंचात किती ठिपके), निव्वळ काळं-पांढरं, राखाडी छटासुद्धा नाही. १९४०-५०च्या दशकातली इतिवृत्तं जांभळ्या कॉपिंग पेन्सिलीने लिहिलेली होती. ती फिकट जांभळी अक्षरं मशीनने पांढरी ठरवून टाकली. सह्यांच्या जागी कोरा कागद. ‘तुम्ही कलर सांगितलं नव्हतं’ हे उत्तर मिळालं आणि ते खरंच होतं.

म्हणून करारात हे लिहून घ्या: किती डीपीआय, रंगीत की राखाडी, फाइलचा प्रकार, फाइलला नाव कसं द्यायचं, शिवण कापायची नाही, काम आमच्याच जागेत करायचं, नमुन्याची २० पानं पसंत पडल्यावरच पुढे जायचं आणि चुकलेली पानं फुकट पुन्हा करून द्यायची. ‘शिवण कापायची नाही’ हे ठळक लिहा. पाठ कापून सुटी पानं केली की फीडरमधून (पानं आपोआप आत ओढणाऱ्या मशीनमधून) काम झपाट्याने होतं, आणि कंत्राटदाराचा ओढा साहजिकच तिकडे असतो.

४. सामान

- वरून फोटो घेणारा बुक स्कॅनर, किंवा २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा उभ्या स्टँडवर, लेन्स खाली करून
- दोन सारखे एलईडी दिवे, दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत
- पान सपाट राहावं म्हणून कडा घासलेली जाड काच, काळं कापड, खंडाच्या पाठीला आधार द्यायला वाळूच्या किंवा तांदळाच्या छोट्या पिशव्या (तांदूळ रोज घरी न्या, किडे होतात)
- सेंटिमीटरची पट्टी आणि रंगपट्टी, प्रत्येक खंडाच्या पहिल्या फोटोत ठेवायला
- मऊ ब्रश, एन-९५ मास्क, नायट्राइलचे हातमोजे
- इन्व्हर्टर, नाहीतर अर्ध्या खंडात वीज जाऊन फाइल बिघडते
- वेगवेगळ्या वेळी विकत घेतलेल्या दोन हार्ड डिस्क

फ्लॅटबेड स्कॅनर सुट्या पत्रांना आणि फोटोंना उत्तम, बांधीव खंडाला घातक. पालथा दाबला की पाठ मोडते. फीडरवाल्या ऑफिस स्कॅनरमध्ये जुना कागद कधीच घालू नका. मोबाइलची स्कॅनिंग ॲप यादी करताना झटपट नमुना घ्यायला ठीक आहेत. ती आपल्या मनाने कडा कापतात, रंग उजळतात आणि समासातली पेन्सिलीची टीप ‘डाग’ समजून पुसतात.

५. कागद तयार करणं

कोकणात राहत असाल तर जून ते सप्टेंबर यादी आणि तपासणी करा, स्कॅनिंग नको. दमट हवेत कागद लाटेसारखा होतो आणि काचेखाली दाबला की डाग उमटतात. आम्ही दिवाळीनंतर सुरू करून मे अखेर थांबायचो.

धूळ मऊ ब्रशने, शिवणीकडून बाहेरच्या दिशेने झटका, गच्चीत किंवा उघड्या पडवीत. बुरशी असलेला खंड बाकीच्यांपासून वेगळा करा, मास्क लावूनच हाताळा. गंजलेल्या टाचण्या खेचू नका. टाचणीखाली पातळ प्लॅस्टिकची पट्टी सरकवून, टोक सरळ करून, उलट बाजूने काढा. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावण्याचा मोह होईल. होऊ द्या, पण लावू नका. त्याचा डिंक काही वर्षांत पिवळा होऊन कागदात मुरतो. तुकडे काचेखाली जुळवून फोटो घ्यायचा आणि ते कोऱ्या कागदाच्या पाकिटात त्याच पानाजवळ ठेवायचे.

मोडी कागदांना भीती वाटते तेवढं घाबरायचं कारण नाही. हातकागद आणि काजळीची शाई हे दोन्ही गेल्या शतकातल्या न्यूजप्रिंटपेक्षा कितीतरी चिवट असतात. पेशवाईतलं पत्र सुबक उलगडतं आणि १९४३चा अंक बोटांत चुरा होतो, हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मीही चक्रावले होते. फक्त काजळीच्या शाईला पाणी चालत नाही. ओल्या फडक्याने पुसायला जाल तर मजकूर फडक्यावर येईल. रुमाल सोडताना कागद ज्या क्रमाने आहेत तो क्रम लिहून ठेवा. आत घडी करून ठेवलेली चिठ्ठी तिथे का होती, ते तुम्हाला नाही तरी पुढे कुणाला तरी कळेल.

६. कागदाचं स्कॅनिंग

आकडे सरळ सांगते. छापील मजकुराला किमान ३००, हस्तलिखिताला ४००, लहान फोटोंना ६०० डीपीआय. सगळं रंगीत. मूळ प्रत टिफ या प्रकारात, नुसती जेपीजी नको. जेपीजी साठवताना दर वेळी थोडा तपशील टाकून देते. वाचकांना द्यायची प्रत त्याच टिफवरून पीडीएफ-ए किंवा जेपीजी करून घ्यायची. पीडीएफ-ए म्हणजे दीर्घकाळ जपण्यासाठी ठरवलेला पीडीएफचा प्रकार, फॉन्ट वगैरे सगळं त्याच्या पोटातच असतं.

जागा किती लागेल याचा हिशोब आधी करा. फूलस्केप पान, साडेआठ बाय साडेतेरा इंच, ४०० डीपीआय: ३,४०० गुणिले ५,४०० ठिपके, दर ठिपक्याला ३ बाइट. साधारण ५५ एमबी झाले. अशी १०,००० पानं म्हणजे ५५० जीबी, आणि तीन प्रती ठेवायच्या तर दीड टीबीहून जास्त. हा आकडा सभेत सांगितल्यावर आमचे खजिनदार खुर्चीत सरळ बसले. टिफ साठवताना एलझेडडब्ल्यू ही फाइल आक्रसण्याची पद्धत निवडली तर तपशील न गमावता जागा वाचते.

कव्हरपासून कव्हरपर्यंत सगळं घ्यायचं. कोरी पानं, जाहिराती, मागचं मळलेलं पुठ्ठ्याचं पान, सगळं. आमच्याकडे १९३०च्या दशकातल्या गावातल्या दुकानांची सगळ्यात खात्रीची माहिती जाहिरातींतच मिळाली. पान फाटलेलं असेल तर खाली काळं कापड, नाहीतर भोकातून पुढच्या पानाची अक्षरं डोकावतात आणि वाक्यं भलतीच होतात.

एक जण पान उलटणारा, एक जण मशीनवर. एकट्याने केलं की दुपारी तीननंतर अंगठा फोटोत यायला लागतो. आमच्या पहिल्या खंडात शिपाईदादांचा अंगठा २३ ठिकाणी आहे, त्यावरची जखम कशी भरत गेली हेही दिसतं. जोडीने दिवसाला २५० ते ३०० पानं होत. त्याहून वेग वाढला की मी शंका घ्यायची.

७. मायक्रोफिल्म

इथे बहुतेक जण गडबडतात, कारण वस्तू अनोळखी असते. डब्यात रीळ, रिळावर काळसर पट्टी, भिंगाखाली धरली तर त्यात अख्खं वर्तमानपत्र. वर्तमानपत्रांसाठी बहुधा ३५ मिलिमीटर रुंदीची फिल्म वापरत, ऑफिसच्या कागदांना १६ मिलिमीटरची. रीळ साधारण १०० फुटी, म्हणजे तीस मीटर. एक पान फिल्मवर साडेचार सेंटिमीटर धरलं तर एका रिळात साडेसहाशेच्या आसपास पानं.

डबा उघडताच आधी वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ती फिल्म ॲसिटेट या जुन्या प्रकारच्या प्लॅस्टिकची आहे आणि कुजायला लागली आहे. हा रोग शेजारच्या रिळांनाही लागतो, कारण कुजताना सुटणारं आम्ल पुढची कूज वाढवतं. ते रीळ ताबडतोब वेगळ्या खोलीत ठेवा आणि स्कॅनिंगच्या यादीत पहिला नंबर त्याला द्या. आमच्या ११पैकी एकाला असा वास होता, कडा झालरीसारख्या वळल्या होत्या. ते रीळ आधी घेतलं म्हणून वाचलं.

वास नसेल तर रीळ आडवं धरून मागून दिवा दाखवा. कडेतून उजेड आरपार आला तर बहुधा पॉलिएस्टर, गडद राहिलं तर ॲसिटेट. पॉलिएस्टरवरची चांदीची फिल्म (चित्र चांदीच्या बारीक कणांनी उमटलेली) थंड-कोरड्या जागी ५०० वर्षं टिकावी या हिशोबाने बनवलेली असते. तेव्हा स्कॅन झालं म्हणून ती टाकून देण्याचा विचारही नको. तुमच्या हार्ड डिस्कला तेवढं आयुष्य नाही.

हाताळताना:

- फक्त कडांना धरा, मधे बोट नको.
- रबरबँड लावलेला असेल तर काढून फेका. रबरातलं गंधक चांदीला खातं. सुती दोरा किंवा कागदी पट्टी बांधा.
- बुरशी दिसली तर पाण्याने पुसू नका. फिल्मवरचा थर जिलेटिनचा असतो, बुरशीने तो सैल झालेला असतो, पाण्याबरोबर चित्रच निघून येईल.
- तांबूस-केशरी बारीक ठिपके दिसले तर ती चांदी खराब होत असल्याची खूण. नोंद करा आणि तेही रीळ लवकर घ्या.
- एकाच मजकुराची दोन रिळं असतील तर मूळ निगेटिव्हच्या जवळची प्रत घ्या. वाचकांनी वर्षानुवर्षं फिरवलेल्या प्रतीवर उभे ओरखडे असतात.

आता स्कॅनिंग. डीपीआय फिल्मच्या नव्हे, मूळ कागदाच्या मापाने मोजायचा, हे कंत्राटदाराशी बोलताना दहादा स्पष्ट करा. पान १६ पट लहान करून टिपलेलं असेल तर मूळ मापाचे ३०० डीपीआय मिळायला फिल्मवर ४,८०० लागतात. कुणी ‘आम्ही ६०० डीपीआयला मायक्रोफिल्म स्कॅन करतो’ म्हणाला तर ‘कशाचे ६००?’ एवढंच विचारा. उत्तर देताना तो अडखळला तर दुसरीकडे जा.

राखाडी छटांत घ्या, काळं-पांढरं नको. वर्तमानपत्रातले फोटो आणि शिळाछापाची नक्षी काळ्या-पांढऱ्यात चिखल होते. रिळाच्या सुरुवातीची पाटी, ‘अमुक अंक उपलब्ध नाही’ अशी मधली कार्डं, रेघांचा तपासणी तक्ता, हे सगळंही टिपा. आमच्या रिळांवर १९४२चे सहा अंक गहाळ असल्याचं असंच एका कार्डामुळे कळलं, नाहीतर ते आम्ही हरवले असं पुढच्यांनी म्हटलं असतं.

मोठ्या विद्यापीठांच्या ग्रंथालयांत मायक्रोफिल्म रीडर-स्कॅनर असतो, तिथे रीतसर पत्र देऊन विचारा. तो मिळालाच नाही तर घरचा उपाय: मॅक्रो (अगदी जवळून टिपणाऱ्या) लेन्सचा फुल-फ्रेम (मोठ्या सेन्सरचा) कॅमेरा, खाली सारखा पसरणारा एलईडी पॅड आणि फिल्म सपाट धरणारी चौकट. २४ मेगापिक्सेलच्या फोटोची ६,००० ठिपक्यांची लांब बाजू २२ इंची पानावर वाटली तर २७० डीपीआयच्या आसपास मिळतात. मथळे आणि मजकूर वाचायला पुरतात, बाजारभावाच्या कोष्टकातले बारीक आकडे मात्र कधीकधी निसटतात. चित्र आरशासारखं उलटं येत नाही ना, ते पहिल्याच फ्रेमला पाहा. देवनागरीची शिरोरेघ आरशातही सरळच दिसते, म्हणून घाईत चूक लक्षात येत नाही.

८. फाइलची नावं आणि तारखा

नाव असं हवं की फाइल एकटी सापडली तरी कुठली ते कळावं. नग क्रमांक, तारीख, पान: ०२_१९३८०४१२_०००३. म्हणजे नग २, १२ एप्रिल १९३८, तिसरी प्रतिमा. वर्ष आधी, मग महिना, मग दिवस, म्हणजे फायली आपोआप कालक्रमाने लागतात. इथे अंक मराठीत छापलेत, तुम्ही फाइलच्या नावात इंग्रजी आकडेच वापरा. मोकळी जागा, कंस, ‘नवीन’, ‘फायनल’, ‘फायनल २’ असलं काही नको.

तारखांत आपल्याकडे खास घोळ आहेत. शके १८६० म्हणजे १९३८ असं डोळे मिटून लिहू नका. माघ-फाल्गुनातला कागद असेल तर साल १९३९ असतं. शकात ७८ मिळवायचे की ७९, ते महिन्यावर ठरतं. मोडी कागदावर सुहूर सन ही जुनी दप्तरी कालगणना असेल तर ५९९ किंवा ६०० मिळवायचे, फसली ही महसुली कालगणना असेल तर ५९० किंवा ५९१. म्हणून शीटमध्ये दोन रकाने ठेवा: ‘कागदावर आहे तशी तारीख’ आणि ‘इसवी तारीख’. पहिल्यात कधीही दुरुस्ती करायची नाही. छापील अंकावर वार असतो, तो कॅलेंडरशी ताडून पाहा. १२ एप्रिल १९३८ला मंगळवारच होता. आमच्या साप्ताहिकाने एका जानेवारीत तीन आठवडे मागचंच वर्ष छापलं होतं, ते वारामुळेच पकडलं.

माहितीचे रकाने कसे असावेत याला डब्लिन कोअर नावाची १५ रकान्यांची जगभर चालणारी पद्धत आहे. सुरुवातीला त्यातले आठ-नऊ भरलेत तरी चालेल. मोडी कागदाला निदान दोन ओळींचा सारांश लिहून घ्या: कुणी, कुणाला, कशाबद्दल. पुराभिलेख संचालनालयाचे मोडी प्रशिक्षणवर्ग भरतात, गावातला एखादा निवृत्त शिक्षक पाठवा. आमच्याकडून गेलेले गुरुजी आता आम्हालाच शिकवतात.

९. तपासणी

ज्याने स्कॅन केलं त्याने तपासायचं नाही. बँकेत रोखपाल स्वतःचीच रोकड तपासत नाही, तसंच. सगळ्या प्रतिमा लहान आकारात एकामागून एक पाहायच्या आणि दहातली एक पूर्ण आकारात उघडून वाचायची. यादीतला पानांचा आकडा आणि फायलींचा आकडा जुळला की त्या ओळीपुढे सही. जुळला नाही तर खंड कपाटात परत जाणार नाही. चिकटलेली दोन पानं एकदम उलटली जाणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक, आणि ती फक्त या ताळ्यातच सापडते.

१०. शोधता यावं म्हणून

टेसरॅक्ट ही फुकट मिळणारी प्रणाली छापील मराठी मजकूर ओळखते. स्वच्छ पुस्तकाचं पान ती बरं वाचते. खिळ्यांच्या जुन्या छपाईचं, चार रकान्यांचं वर्तमानपत्र दिलं की एका रकान्यातलं लग्न दुसऱ्या रकान्यातल्या लिलावाला जोडते. रकाने आधी वेगळे तोडून द्या. हस्तलिखित आणि मोडीसाठी तिच्यावर विसंबू नका. मिळालेला मजकूर शोधापुरता प्रतिमेच्या मागे ठेवा, ‘लिप्यंतर’ म्हणून छापू नका. आम्ही त्याशिवाय प्रत्येक अंकाचे ठळक मथळे हाताने टाइप केले. कंटाळवाणं काम, पण आज वाचक सगळ्यात जास्त तेच वापरतात.

दोन खड्डे लक्षात ठेवा. जुनी सूची बिगर-युनिकोड फॉन्टात (सगळ्या संगणकांवर सारखी चालणारी युनिकोड पद्धत येण्याआधीच्या) टाइप केलेली असेल तर नव्या संगणकावर ती निव्वळ अगम्य चिन्हं दिसेल. ती फेकू नका, रूपांतर करणारी साधनं मिळतात. दुसरा खड्डा दिसतच नाही. ‘दुसऱ्या’मधला अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो, ‘ॲ’ही दोन तऱ्हांनी. पडद्यावर दोन्ही सारखे, संगणकाला मात्र वेगळे. एकाने एका कीबोर्डवर आणि दुसऱ्याने दुसऱ्यावर टाइप केलं तर अर्ध्या नोंदी शोधात येतच नाहीत. आम्ही आठवडाभर ‘कऱ्हाड’ शोधत होतो आणि ते समोर होतं. शेवटी सगळ्या शीटमध्ये बदलून एकच रूप करून घ्या.

११. कुठे आणि कशी ठेवायची

तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक प्रत गावाबाहेर. आमची एक वाचनालयात डिस्कवर, एक क्लाउडवर, एक सभासदाच्या पुण्यातल्या मुलीकडे डिस्कवर. तिन्ही वाचनालयाच्या कपाटात ठेवल्या तर पूर आला की तिन्ही एकदम जातात. पेनड्राइव्ह आणि सीडी साठवणुकीत धरूच नका.

काम संपल्यावर प्रत्येक फाइलचा चेकसम काढून ठेवा, एसएचए-२५६ ही पद्धत चालेल. हा फाइलचा अंगठ्याचा ठसा समजा. आत एक ठिपका जरी बदलला तरी ठसा बदलतो. वर्षाने पुन्हा काढून ताडायचा. ठसा जुळला नाही ती फाइल दुसऱ्या प्रतीवरून परत आणायची.

१२. लोकांना दाखवताना

लेखकाच्या मृत्यूनंतर येणाऱ्या जानेवारीपासून ६० वर्षं कॉपीराइटचे हक्क शाबूत असतात. १९६४मध्ये वारलेल्या लेखकाचं लेखन १ जानेवारी २०२५पासून खुलं झालं. निनावी लेखनाची ६० वर्षं प्रसिद्धीपासून मोजतात. हक्क शिल्लक असलेल्या पुस्तकाचीही जपणुकीसाठी डिजिटल प्रत करायला बिगर-व्यापारी सार्वजनिक वाचनालयांना २०१२च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२मध्ये मुभा दिली आहे, कागदी प्रत आपल्याकडे असली की झालं. जपायची मुभा म्हणजे इंटरनेटवर टाकायची मुभा नव्हे. ती प्रत वाचनालयातल्या संगणकावरच राहू द्या.

कायद्यापलीकडचंही पाहा. शाळेच्या जनरल रजिस्टरात जात, जन्मतारीख, वडिलांचा धंदा असतो. आमच्या इतिवृत्तात १९५२च्या वर्गणी थकबाकीदारांची नावानिशी यादी आहे आणि त्यांची नातवंडं आज आमची सभासद आहेत. ती पानं स्कॅन केली, जपली, पण संकेतस्थळावर ठेवली नाहीत.

दरवर्षी मे अखेर, पाऊस लागण्यापूर्वी, एक दिवस राखून ठेवा. डिस्का जोडून चालतात का पाहा, ठसे ताडा, रिळांचे डबे उघडून वास घ्या, सिलिका जेल बदला. डिस्क पाच वर्षांची झाली की चालत असली तरी नवी घ्या. डिस्कबरोबर तिची केबल त्याच पिशवीत ठेवा आणि पासवर्ड कुणाकुणाला माहीत आहे ते इतिवृत्तात लिहा. आमचा पासवर्ड वर्षभर एकट्या मलाच माहीत होता, आणि त्या वर्षी मला डेंग्यू झाला होता.